चार दिवसांआड समुद्र

सोलापूरच्या माणसाला समुद्राविषयी काही विचारू नये. विचारलंत तर तो आधी सिद्धेश्वराच्या तळ्याकडे बोट दाखवील आणि मग उजनीचं नाव घेईल. उजनी धरणाच्या जलाशयाला 'यशवंतसागर' असं नाव आहे. त्यामुळे सागर ही वस्तू आम्हाला अगदीच अनोळखी आहे असं कुणी म्हणू शकत नाही. फरक इतकाच, की कोकणातल्या सागराला दिवसातून दोनदा भरती येते आणि आमच्या सागराला वर्षातून एकदा. तीही पुण्याकडच्या पावसाची मर्जी असेल तर. एरवी आम्ही वर्तमानपत्रात 'उजनी किती टक्के' एवढंच बघतो. बारावीच्या निकालात टक्के शून्याच्या खाली जात नाहीत, उजनीचे जातात. जिवंत साठा संपून मृत साठ्याला हात लागला की पेपरात वजा चिन्ह लावून आकडे यायला लागतात. मी कॉमर्सचा पदवीधर, बँकेत कारकून. ओव्हरड्राफ्टमध्ये गेलेली गिऱ्हाइकं मी पुष्कळ पाहिली, पण ओव्हरड्राफ्टमध्ये गेलेला सागर आमच्याच जिल्ह्यात पाहिला.

तर अशा या गावातले आम्ही पाच जण २०२३ च्या डिसेंबरात खरा समुद्र पाहायला गेलो, त्याची ही हकीकत.

आधी आमच्या घराविषयी सांगायला हवं. आमचं घर मोजणाऱ्यांचं आहे. मी बँकेत नोटा मोजतो. आता मशीन मोजतं, पण मशीननं मोजल्यावर मी एकदा अंगठा ओला करून मोजतो. कारण नोट कमी भरली तर पगार मशीनचा कापत नाहीत. आमचे आप्पा मिलमध्ये सांचेखात्यात होते. पंचवीस वर्षं त्यांनी वारावर कापड मोजलं. पण आम्हा दोघांना सहज खिशात घालील अशी मोजणारी म्हणजे आमची आई. आई पाणी मोजते.

त्या वर्षी आमच्या भागात चार दिवसांआड पाणी यायचं. म्हणजे पाचव्या दिवशी, पहाटे तीनच्या सुमाराला. आईच्या हिशेबात पाण्याची चार खाती होती: पिण्याचं, स्वयंपाकाचं, धुण्याचं आणि 'वापरायचं'. एका खात्यातलं पाणी परस्पर दुसऱ्या खात्यात गेलेलं तिला चालत नसे. रीतसर वर्ग व्हावं लागे. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, भाजी धुतलेलं कढीपत्त्याला, धुण्याचं शेवटचं पाणी फरशीला. पाहुण्यांना पाणी अर्धा पेला. "लागलं तर परत घ्या की," असं वर आग्रहाने म्हणायचं. पण त्या आग्रहाचा सूर असा असे, की पाहुण्याची तहान तिथल्या तिथे भागे. डबल एन्ट्री मी कॉलेजात तीन वर्षं शिकलो. आई शाळेत चौथीपर्यंतच गेली, पण तिची खातवही एका तांब्याचाही डिफरन्स न येता रोज रात्री जुळत असे.

अशा या बाईला आप्पांनी समुद्राचं वचन दिलं होतं. १९७४ सालची गोष्ट. नवीन लग्न. लग्नानंतर तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर हा आमच्याकडचा ठरलेला मधुचंद्र आटोपून दोघं भागवत चित्रमंदिरात सिनेमाला गेली. सिनेमात नायिका समुद्राच्या काठाने धावत होती. ती कुणासाठी धावत होती हे आईला आता आठवत नाही, पण पाणी आठवतं. मध्यंतरात शेंगदाणे खाता खाता आप्पा म्हणाले, "पुढच्या दिवाळीला बोनस झाला की दाखवतो तुला."

त्यानंतर दिवाळ्या बऱ्याच झाल्या, बोनसही झाले. पण एका बोनसमध्ये मी झालो, एकात बहीण झाली, एकात आत्याचं लग्न निघालं. आप्पा स्वतः एकदा कामगारांच्या मोर्चासाठी मुंबईला जाऊन आले. मुंबईला समुद्र आहे असं त्यांना तिथं कळलं, पण मोर्चा त्या रस्त्याने गेला नाही. सकाळी गाडीतून उतरले, घोषणा दिल्या, रात्रीच्या गाडीने परत. नव्वदच्या दशकात मिल बंद पडली. मग आप्पा दुसऱ्याच्या चादरीच्या मागावर रोजाने जायला लागले आणि समुद्राचा विषय घरात कुणी काढेनासं झालं.

तेव्हा वचनाची बाकी माझ्या नावे निघाली. बँकेत आम्हाला एल.एफ.सी. नावाची एक सोय असते. कुटुंबाला घेऊन फिरायला जा, भाडं बँक देते. अवलंबून असलेले आईवडीलही चालतात. पण या सोयीला एक पोटसोय आहे: जायचं नसेल तर पैसे घेऊन घरी बसा. बावीस वर्षांच्या नोकरीत मी ही पोटसोय पोटभर वापरली. एका एल.एफ.सी.चा फ्रिज झाला. एकीतून चिरंजीवांच्या क्लासची फी गेली. एकीचं तर मी अंगणात बोअर मारलं. दोनशे फूट खाली गेलो आणि धूळ लागली. आईला समुद्र दाखवायचे पैसे मी जमिनीत घातले, आणि जमिनीने त्याची पोचसुद्धा दिली नाही. दर वेळी आई म्हणायची, "असू दे बाळा, समुद्र कुठं पळून चाललाय?"

मी स्वतः मात्र समुद्र पाहिला होता. बँकेच्या मुलाखतीला मुंबईला गेलो तेव्हा उसना टाय लावून मरीन ड्राइव्हवर दहा मिनिटं उभा राहिलो होतो. घरी येऊन मी मुलाखतीत काय विचारलं ते सगळं सांगितलं, समुद्राचं सांगितलं नाही. का, ते मला तेव्हा कळलं नव्हतं, आता कळतं.

गाडं हललं ते आईच्या डोळ्यांमुळे. तिच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर तिने पहिल्यांदा भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं, मग माझ्याकडे नीट पाहून "किती पिकलास रे," म्हणाली, आणि मग एकदम म्हणाली, "आता डोळे दिलेत तर त्यांना दाखवायला काहीतरी नको का?"

मी दुसऱ्याच दिवशी रजेचा अर्ज टाकला. साहेबांनी विचारलं, "एन्कॅश ना?" मी म्हटलं, "नाही साहेब, प्रत्यक्ष." साहेबांनी अर्ज उलटासुलटा करून पाहिला. चाळिशी उलटलेला कारकून प्रत्यक्ष फिरायला निघाला म्हणजे घरात काहीतरी घडलं असणार, असा त्यांचा चेहरा झाला होता.

तारीख ठरवायला वेळ लागला नाही. बाकीची माणसं रेल्वेचं वेळापत्रक बघून निघतात, आम्ही नळाचं. मंगळवारी पाणी येणार, पुढचं रविवारी. तेव्हा मंगळवारी भरून ठेवायचं, बुधवारी पहाटे निघायचं आणि शनिवारी रात्री काहीही झालं तरी घरात हजर. समुद्राच्या वाट्याला मधले चार दिवस. आमच्या सौ.ने सुचवलं, "शेजारच्यांना किल्ली देऊ की, ते भरतील." आईने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू कॅशच्या तिजोरीची किल्ली वॉचमनकडे द्यायला सांगितली आहे.

सामानात कपड्यांपेक्षा भाकऱ्या जास्त होत्या. आमच्याकडची कडक भाकरी म्हणजे टिकाऊपणात मुदत ठेवीच्या बरोबरीची. पातळ, पापडासारखी कडाक मोडणारी, महिना-महिना राहणारी. चाळीस भाकऱ्या, शेंगाचटणीचा डबा, आणि आप्पांनी निवडून घेतलेले सहा सोलापुरी टॉवेल नि एक चादर. "समुद्रावर चादर कशाला?" चिरंजीवांनी विचारलं. आप्पा म्हणाले, "सोलापूरचा माणूस चादरीशिवाय गावाबाहेर गेला तर लोक काय म्हणतील?"

प्रवासाचं फार सांगत नाही. सोलापूरवरून रत्नागिरीला जाणारा रस्ता हा नागपूर-रत्नागिरी महामार्गाचाच तुकडा आहे. म्हणजे आमच्या दारावरून गेलेला रस्ता नाकासमोर चालत गेलं तर थेट समुद्रात जातो. अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या वर. बावीस वर्षं मी या रस्त्याने बँकेत गेलो, एकदाही सरळ पुढे गेलो नाही. सांगोला, मिरज, कोल्हापूर मागे पडलं आणि आंबा घाट लागला. घाटात आई खिडकीला नाक लावून बसली. एवढा हिरवा रंग तिने एके ठिकाणी पाहिला नव्हता. आमच्याकडे वर्षाला पंचवीसएक इंच पाऊस पडला तर लोक पेढे वाटतात. रत्नागिरीला शंभर इंचांच्या वर पडतो आणि तरी तिथली माणसं छत्रीला शिव्या देतात. घाट उतरताना आई एकदाच बोलली: "हितलं पाणी सगळं हितंच ठेवून घेतलंय की गं बया."

रत्नागिरीत पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. ड्रायव्हरने गाडी सरळ थिबा पॉइंटच्या बागेशी नेली. ही बाग उंचावर आहे. चालायला वाटा, टेकायला कठडा, मुलांना खेळायला जागा. आणि कठड्याशी गेलं की पायाखालची जमीन एकदम संपते: खाली भाट्याची खाडी, तिच्यावरचा पूल, आणि खाडी जिथं रुंद होत होत संपते तिथून पुढे नुसता समुद्र.

आम्ही आईला हाताला धरून कठड्यापर्यंत नेलं. ती पदर सावरून उभी राहिली. नवीन डोळ्यांनी डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे पाहिलं. आता ही काय म्हणते म्हणून मी कान टवकारले. पन्नास वर्षांची बाकी होती, व्याजासकट काहीतरी निघणार.

आई म्हणाली, "एवढं पाणी! आणि झाकण न्हाई."

आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी चिरंजीवांना विचारलं, "पन्हा केवढा असंल रे याचा?"

"आजोबा, समोर थेट अरबस्तान आहे," चिरंजीव म्हणाले.

"म्हंजे किनार दिसत न्हाई," आप्पा म्हणाले, "बिनकिनारीचं कापड." आणि त्यांनी हाताची वीत समुद्रासमोर धरून एक डोळा मिटून अंदाज घेतला. सवय जात नाही.

शेजारी एक गृहस्थ आपल्या पाहुण्यांना थिबा राजाची गोष्ट सांगत होते, ती आम्ही फुकटात ऐकली. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. इंग्रजांनी १८८५ साली त्याला गादीवरून काढलं आणि पुढच्याच वर्षी इथं रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१० च्या सुमाराला त्याच्यासाठी इथं राजवाडा बांधून झाला, आणि १९१६ साली तो इथंच वारला. म्हणजे तीस वर्षं एका गावी. आम्ही बँकवाले बदलीला घाबरतो, पण अशी बदली ऐकली नव्हती: अर्ज नाही, विनंती नाही, सीमेपलीकडची पोस्टिंग, आणि परतीची ऑर्डर नाहीच. दुसऱ्या दिवशी आम्ही तो राजवाडाही पाहिला. आता तिथं वस्तुसंग्रहालय आहे. आईला राजवाड्यापेक्षा राजाचं वाईट वाटलं. म्हणाली, "रोज समोर समुद्र आणि घरी जायची सोय न्हाई. त्याला कसला आलाय समुद्र?" मग थोडं थांबून म्हणाली, "आपल्याला शनिवारी जायचंय न्हवं नक्की?"

गुरुवारी सकाळी आमच्या सोलापुरी अभिमानाला दोन धक्के बसले. पहिला टॉवेलचा. आमच्या गावात धुतलेला टॉवेल दोरीवर टाकून चहा पिऊन येईपर्यंत वाळतो. कोकणात बुधवारी रात्री वाळत घातलेले सहाच्या सहा टॉवेल गुरुवारी सकाळी जास्त ओले झालेले निघाले. आप्पांनी एकेक टॉवेल हातात घेऊन पोत तपासला आणि गंभीरपणे म्हणाले, "माल बरोबर हाय. हवा सदोष हाय."

दुसरा धक्का भारी होता. आईने भाकरीचा डबा उघडला, एक भाकरी मोडायला घेतली, आणि ती मोडेना. वाकली. कागदासारखी वाकली. महिनाभर टिकणारी आमची मुदत ठेव एका रात्रीत मुदतपूर्व मोडली होती. "सादळली," आई म्हणाली. हा शब्द मी पुस्तकात वाचला होता. सोलापुरात त्याचा उपयोग करायची वेळ येत नाही. हॉटेलवाल्या बाईंना दया आली. त्यांनी भाकऱ्या तव्यावर शेकून दिल्या, वर सोलकढी दिली, आणि मोबदल्यात आमची अर्धी शेंगाचटणी संपवली. हा व्यवहार दोन्ही पक्षांना मान्य होता.

दुपारी आरे-वारेच्या किनाऱ्याकिनाऱ्याने गणपतीपुळ्याला गेलो. त्या रस्त्याचं वर्णन मी करत नाही, कारण वळण आलं की आमची सौ. "अय्या!" म्हणायची आणि तो रस्ता नुसता वळणांचाच आहे.

गणपतीपुळ्याचा देव पश्चिमेकडे, म्हणजे समुद्राकडे तोंड करून बसला आहे. आणि इथला डोंगर हाच देव मानतात. त्यामुळे प्रदक्षिणा घालायची ती देवळाला नव्हे, अख्ख्या डोंगराला. सुमारे किलोमीटरभराची बांधलेली वाट आहे. शुक्रवारी सकाळी आम्ही निघालो. उजव्या हाताला डोंगर, डाव्या हाताला समुद्र. मधे तो झाडांआड जातो, आणि वळसा पुरा होता होता पुन्हा समोर येतो. आईचे गुडघे आणि आप्पांचे कान, दोन्ही सेवानिवृत्त. म्हणून आम्ही दर थोड्या अंतरावर थांबत होतो. मागून येणारी माणसं "जय गणेश" म्हणत पुढे जात होती. आमच्या पुढे जाण्यासाठी त्यांना फारसं पुण्य लागत नव्हतं.

आप्पांच्या कानांचं इथं सांगायला हवं. सांचेखात्यात पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला घरातली बेल ऐकू येत नाही. पण गंमत अशी, की मिल बंद पडल्यापासून त्यांना झोप येत नाही. डॉक्टर झाले, काढे झाले. आप्पा म्हणायचे, "घर लई गप हाय." आम्हाला वाटायचं, म्हातारपण बोलतंय. रात्री दोनला उठून ओट्यावर बसायचे. पाण्याच्या पाळीला आईला जागं करायचं काम आपोआप त्यांच्याकडे गेलं होतं.

प्रदक्षिणेच्या वाटेवर समुद्र परत समोर आला तिथं आप्पा कठड्यावर टेकले. खाली लाटा फुटत होत्या. एक अशी वेगळी ऐकू येत नव्हती, सगळ्यांची मिळून एक घरघर. आप्पांनी मान कलती केली. मग मला जवळ बोलावलं.

"ऐकू येतंय बे," ते म्हणाले.

"काय?"

"मिल. गेटाच्या भाईर उभारलं की असंच यायचं. शंभर सांचे एकदम चालू असले की असंच." त्यांनी पायाने ताल धरला. "बघ, न्हाई म्हटलं तरी थांबत न्हाई. तीन पाळ्या चालू हाय हितं."

एवढं बोलून आप्पांनी खांद्यावरचा ओला टॉवेल डोक्याखाली घेतला, चादर अंगावर ओढली (चादर कशाला, याचं उत्तर तेव्हा मिळालं) आणि कठड्याला टेकून झोपले. चांगले घोरून झोपले. दीड तास. प्रदक्षिणेला निघालेली माणसं त्यांना वळसा घालून जात होती. म्हणजे डोंगराबरोबर आमच्या आप्पांनाही त्या दिवशी थोड्या प्रदक्षिणा पडल्या. आम्ही चौघं शेजारी बसून राहिलो. उठवायची कुणाची छाती झाली नाही. सौ.ने हळूच विचारलं, "किती वर्षांनी हो?" मी हिशेब करायला गेलो आणि सोडून दिला.

संध्याकाळी किनाऱ्यावर उतरलो. पुळ्याचा समुद्र दिसतो तसा साधा नाही. आत जाऊ नका अशा पाट्या आहेत. तेव्हा मी आधीच जाहीर केलं: घोट्यापर्यंत, त्यापुढे एक इंचही मंजुरी नाही. आई घोट्यापर्यंतही यायला तयार नव्हती. "पाण्याला पाय लावू नये," म्हणाली. कोरड्या वाळूतून तिने नमस्कार केला. तेवढ्यात समुद्रानेच निर्णय घेतला. एक लाट आली, आईच्या पायांवरून गेली आणि परत फिरताना पायाखालची वाळू थोडी घेऊन गेली. आई "आई गं!" म्हणून माझा हात धरून उभी राहिली. मग वाकली, ओंजळ भरली आणि जिभेला लावून पाहिली.

"खारट हाय," तिने निकाल दिला. "म्हंजे वापरायचं पाणी."

अरबी समुद्र असा आमच्या घराच्या चौथ्या खात्यात जमा झाला.

आणि एकदा ते 'वापरायचं' ठरल्यावर आईचं काय झालं कोण जाणे. तिने पुन्हा ओंजळ भरली आणि सोडून दिली. परत भरली, परत सोडली. कुठल्या झाडाला नाही, फरशीला नाही, उगीच. अडुसष्ट वर्षांत या बाईने पाणी उगीच सांडलेलं मी पाहिलं नव्हतं. मग तिने आप्पांकडे पाहिलं, आणि भरलेली ओंजळ सरळ त्यांच्या सदऱ्यावर फेकली.

आप्पा ओरडले, "अगं अगं, सांडू नगंस! पाणी...!"

आणि बोलता बोलता त्यांच्याच लक्षात आलं. समोर बिनकिनारीचा समुद्र होता. दोघंही हसायला लागली. आप्पा खोकेपर्यंत हसले. आईला हसताना धाप लागली. चिरंजीवांनी मोबाइल काढला. मी त्याला खुणेने नको म्हटलं. काही नोंदी दुसऱ्याच्या वहीत जाऊ नयेत.

मी बाजूला उभा राहून पाहत होतो. फ्रिज डोळ्यांपुढे आला. बोअरची धूळ आली. 'समुद्र कुठं पळून चाललाय' हे आईचं बरोबरच होतं. समुद्र जागेवरच होता, भरती-ओहोटीच्या वेळासुद्धा न चुकवता. पळत होती ती आईची आणि आप्पांची वर्षं, आणि ती मी मोजत नव्हतो. मोजणाऱ्यांच्या घरात नेमकं तेवढंच मोजायचं राहून गेलं होतं.

शनिवारी रात्री अकराला घरी पोचलो. बिल पुढे रीतसर पास झालं. टोलची एक पावती भिजली होती म्हणून तेवढे पैसे कापले गेले. भिजलेली पावती समुद्राचा पुरावा म्हणून ग्राह्य धरत नाहीत.

रविवारी पहाटे तीनला नळ आला. त्या दिवशी आप्पांनी कुणाला उठवलं नाही. ते झोपले होते. आई आपोआप उठली, मी हंडे पुढे करायला उठलो. पिण्याचं झालं, स्वयंपाकाचं झालं, धुण्याचं झालं. शेवटी वापरायच्या पाण्याची टाकी भरत आली, काठाला लागली आणि वाहायला लागली. मी नळाकडे हात नेला. आईने माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे की जरा," ती म्हणाली.

टाकीवरून पाणी फरशीवर आलं, तिथून आईच्या पायांवर. ती मान खाली घालून बघत उभी होती. आतल्या खोलीतून आप्पांचं घोरणं ऐकू येत होतं. मग तिने स्वतःच्या हाताने नळ बंद केला, पदराला हात पुसले आणि फरशीवरचं पाणी खराट्याने कढीपत्त्याकडे लोटलं.

मी सवयीने मोजलं होतं. दहा सेकंद.

बँकेत हिशेब जुळत नसला की उरलेला डिफरन्स सस्पेन्स खात्याला टाकतात आणि ती नोंद लवकरात लवकर मिटवावी लागते, नाहीतर ऑडिटर विचारतो. ते दहा सेकंद मी सस्पेन्सला टाकले आहेत. ऑडिटरने विचारलं तरी मिटवणार नाही.